सरईच्या चौकटीतले तीन स्क्रू

सन २०१८. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी पावसाळा सरता सरता एकाच आठवड्यात आमच्या घरात दोन गोष्टी मोडल्या. एक बायकोचा खुबा आणि दुसरे माझ्या हातचे तीन स्क्रू. खुबा डॉक्टरांनी दीड तासात सांधला. स्क्रूंना मला मंगळवारपासून शनिवारपर्यंत वेळ लागला, आणि तेही शेवटी माझ्या हातून निघाले नाहीत ते नाहीतच.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत मी गेलो होतो, पण पाचवी माझ्यात गेली नाही. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून विसाव्या वर्षी भिलाईत आलो, पोलादाच्या कारखान्यात हेल्पर लागलो आणि चाळीस वर्षांनी मिलमधून फिटर म्हणून रिटायर झालो. फिटर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो. जगात जे ढिलं आहे ते घट्ट करायचं आणि जे घट्ट आहे ते ढिलं करायचं, एवढंच त्याचं काम. मधलं काही आम्हाला शिकवलेलं नाही. माझ्या उस्तादानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, पाना थांबला की वरून अर्धा आटा आणखी द्यायचा. त्या अर्ध्या आट्यावर माझी सगळी नोकरी झाली.

वैशाली नगरात घर बांधलं तेव्हा दारांच्या चौकटी मी सरईच्या केल्या. सरई म्हणजे सालवृक्षाचं लाकूड. तीस वर्षांत ते लाकूड असं पिकलं, की खिळा मारला तर खिळा वाकतो. घरी कोणी आलं की मी चौकटीवर बोटाच्या गाठीनं वाजवून दाखवत असे. बायको आतून ओरडायची, "अवो, पाव्हणा पाणी मागून राहिला अन् तुमी लाकूड वाजवून राहिले!"

आमच्या बाथरूमच्या दाराला उंबरठा आहे. तो ओलांडताना बायकोला काहीतरी धरावं लागायचं. वर्षभर तिचं एकच म्हणणं होतं.

"इथं धरायले एक दांडा लावून द्या नं."

"कायले? मी क्रेनच्या गर्डरवरून चालत होतो, काई न धरता."

"मी कुठी गर्डरवरून चालते म्हणून राहिली? मले बाथरूमात जायचं हाये."

मी म्हणालो, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' याचा अर्थ 'नाही' असा होतो. मग एका सकाळी त्याच उंबरठ्याशी तिचा पाय घसरला.

लेक रायपूरहून धावत आली. तिच्या फ्लॅटमधल्या बाथरूममध्ये जिकडे पाहावं तिकडे स्टीलचे दांडे आहेत, सिटी बसमध्ये असतात तसे. ऑपरेशन झालं, खुब्यात तीन स्क्रू बसले. तिसऱ्या दिवशी तिनं आईच्या पलंगाशी उभं राहून जाहीर केलं, "बाबा, आई आता माह्याकडं येईन. तुमच्याकडं तो उंबरठा हाये, अन् वरून तुमी."

"किती दिवस?"

"पाहू," लेक म्हणाली. घरातला शब्द घरातच परत आला.

बायको डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली आहे. ती तशीच म्हणाली, "शनिवारी मले सुट्टी हाये. तवरीक दांडा पक्का लागला असंन तं घरी येते. नाई तं पोरीसंग जाते. अन् गेली तं दिवाळी तिकडंच."

मला चहा करता येतो. भात लावता येतो. एकट्यानं राहायची भीती मला त्यासाठी नव्हती. माझ्या बोलण्यावर उलट बोलणारं कोणी घरात नसलं, की मला माझंच सगळं खरं वाटू लागतं. हे ती चार दिवस माहेरी गेली की व्हायचं, आणि पाचव्या दिवशी शेजाऱ्यांशी भांडण व्हायचं. दिवाळीला अजून दीड महिना होता.

मंगळवारी सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानातून दांडा आणला. हातभर लांब, स्टीलचा, दोन्ही टोकांना गोल पत्री आणि प्रत्येक पत्रीला तीन भोकं. म्हणजे सहा स्क्रू. बाथरूमची भिंत उभ्या विटेची, पोकळ वाजणारी. तेव्हा दांडा लावायचा तो चौकटीतच. दुकानदारानं स्टीलचे स्क्रू काढून ठेवले. मी बाजूच्या डब्यातले काळे उचलले. काळे कसे, दिसायलाच पहिलवान.

"दादा, वो फॉल्स सीलिंग के हैं. लकड़ी में नहीं चलेंगे."

"लोहा मेरे को मत सिखा," मी म्हणालो.

दुकानाला लागून एका सुताराची टपरी आहे. माणूस छत्तीसगढी, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कानावर पेन्सिल. त्यानं रंधा थांबवून विचारलं, "का लगाथस बबा?" मी सांगितलं. तो म्हणाला, सरईत लावतोस तर आधी भोक पाड आणि स्क्रूला मेण चोळ. मी म्हणालो, "मेण आमच्याकडे लाईट गेल्यावर लागतं." तो परत रंधा मारायला लागला. मला वाटलं, गप्प केला.

घरी येऊन ड्रिल मशीन काढली. पहिला स्क्रू वरच्या पत्रीत धरला आणि मशीन पूर्ण दाबली. स्क्रू डोक्यापर्यंत आत गेला. लाकडातून धूर निघाला तेव्हा मला आनंदच झाला, की बघा काय लाकूड आहे. मग 'टक्' झालं. आवाज अगदी लहान, दाताखाली शेंगदाणा फुटावा एवढा. स्क्रूचं डोकं पत्रीत मोकळं फिरायला लागलं आणि धड चौकटीत राहिलं.

एखादा माल खराब निघतो. दुसरा लावला. टक्.

तिसऱ्याला मी मशीन बाजूला ठेवली आणि पेचकस घेतला. हाताच्या कामाची गोष्टच वेगळी. दोन्ही हातांनी, दात खाऊन, थांबत थांबत तो जवळजवळ पूर्ण आत नेला. तो थांबला. तिथं मी थांबलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण हातानं, मला न विचारता, उस्तादाचा अर्धा आटा दिला. टक्.

खालच्या पत्रीचे तीन मी मग हातोडीनंच ठोकले. ते बसले. बसले म्हणजे आत गेले.

आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीजवळ एक कट्टा आहे. तिथं रिटायर झालेली माणसं सकाळ-संध्याकाळ बसतात. तिथं कोणाला नावानं हाक मारत नाहीत, डिपार्टमेंटनं मारतात. संध्याकाळी मी फक्त एवढंच म्हणालो, की लाकडात स्क्रू मोडला तर काय करतात, सहज विचारतो. दहा मिनिटांत तीन डिपार्टमेंट माझ्या बाथरूममध्ये उभी होती.

कोकओव्हनवाल्यानं चौकटीकडे पाहून मान हलवली. "गरम करा. गरम केल्याबिगर लोखंड कोणाचं आयकत नाई." त्याच्या हाताखाली आयुष्यभर भट्टी होती, त्यामुळे त्याला सर्दीलाही तोच उपाय सुचतो. गॅसवर सळई लाल करून स्क्रूच्या तुटक्या तोंडाला लावली. स्क्रू होता तिथंच राहिला. चौकटीवर मात्र रुपयाएवढा काळा डाग पडला.

रेलमिलवाला म्हणाला, "हट बे, हे का पापड भाजणं हाये का? त्याच्यात सरळ भोक पाडा. स्क्रूच पोखरून काढा." मशीन त्यानं स्वतः धरली. स्क्रू कडक, लाकूड त्याच्यापुढं नरम. ड्रिलचं टोक स्क्रूवरून घसरलं आणि शेजारी तिरपं आत घुसलं. आता स्क्रूला शेजारी मिळाला.

तिसरे सेफ्टीवाले. त्यांनी कशालाही हात लावला नाही. खिशातून खडू काढला, बाथरूमच्या दारावर 'काम चालू है' असं लिहिलं आणि म्हणाले, "पहले एरिया घेरना चाहिए था."

"अरे पण माझ्या घरात मी एकटाच आहे!"

"ऐक्सिडेंट अकेले का ही होता है," ते म्हणाले. तिघंही चहा पिऊन गेले.

बुधवारचा दिवस मी चौकटीकडे पाठ करून काढला. गुरुवारी मी जे केलं ते लिहू की नको असा विचार दोन दिवस करत होतो. लिहितो. मोडलेल्या स्क्रूंची तीन डोकी मी गोळा करून ठेवली होती. भोकांमध्ये चिकटवायचा लगदा भरला आणि एकेक डोकं त्याच्या त्याच्या जागी बसवलं. वरून कापडानं पुसलं. दांडा सरळ, सहा काळी डोकी, काम असं देखणं की मलाच खरं वाटलं. फोटो काढून लेकीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान हाये बाबा." ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

शुक्रवारी दवाखान्यात गेलो तर बायको मोबाईल लांब धरून तोच फोटो पाहत होती.

"दिसून तं चांगला राहिला," ती म्हणाली. मग फोन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "लोड टेस्ट केली?"

हे सांगावं लागेल. कारखान्यात कोणतीही नवी क्रेन, नवी चेन, ती जेवढं वजन उचलणार त्याच्या सव्वापट वजन आधी टांगून पाहतात. त्याशिवाय तिच्याखाली माणसाला उभं राहू देत नाहीत. हे मीच चाळीस वर्षं जेवताना हिला सांगत आलो होतो. ही ऐकत नसते असं मी समजत होतो.

"करतो," मी म्हणालो.

"म्हंजे नाई केली."

तेवढ्यात डॉक्टर आले. पोरगेलासा माणूस, आमच्या लेकीपेक्षाही लहान. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. खुब्याच्या हाडात तीन स्क्रू, शेजारी शेजारी, सरळ, एकाचंही डोकं गेलेलं नाही. मी बराच वेळ पाहत राहिलो. हाड कडक असतं हे मला माहीत होतं.

"डॉक्टर साहब, ये टूटते नहीं क्या?"

"पहले बारीक तार डालते हैं दादाजी, फिर ड्रिल से छेद, फिर स्क्रू. सीधा घुसाएँगे तो या स्क्रू जाएगा या हड्डी."

मी मान हलवली. म्हणजे टपरीवरचा सुतार जे फुकट सांगत होता, ते ऐकायला मला डॉक्टरी शिकलेला माणूस लागला. बायकोनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी भोक पाडलं होतं नं?"

"येतो मी," म्हणालो आणि निघालो.

घरी येऊन बाथरूमच्या दाराशी उभा राहिलो. माझं वजन तिच्या सव्वापट सहज भरेल. दोन्ही हातांनी दांडा धरला, गुडघे वाकवले आणि भार टाकला. ठोकलेले तीन स्क्रू लोण्यातून सुरी निघावी तसे निघाले. चिकटवलेली तीन डोकी टणटण करत मोरीकडे गेली. मी उंबरठ्याच्या आत बुडावर बसलो होतो आणि दांडा माझ्या हातात होता.

लागलं फार नाही. पण उठायला वेळ लागला. ती पडली होती ती जागा हीच. उद्या या वेळेला दांडा तिच्या हातात असता.

बाहेर भुरभुर चालू होती. खुंटीवरची छत्री घेतली. ही छत्री मला रिटायर होताना साथीदारांनी दिली होती. वाकड्या मुठीची, लांब दांडीची, नऊ वर्षांत मी ती फार तर पाच-सहा वेळा भिजवली असेल. ती घेऊन मी सुताराच्या टपरीवर गेलो.

"कइसे बबा?" तो म्हणाला.

"तीन टूट गए."

त्यानं हसावं अशी माझी फार इच्छा होती, म्हणजे मला रागावून परत जाता आलं असतं. तो हसला नाही. हत्यारांची पिशवी उचलली आणि माझ्यासोबत आला. काळा डाग, तिरपं भोक, लगदा, सगळं त्यानं बोट फिरवून पाहिलं. दारावरचं 'काम चालू है' वाचलं. विचारलं काहीच नाही. असा अपमान मला सहन होत नाही, पण त्या दिवशी केला.

तो म्हणाला, तुकडे लाकडाच्या आत आहेत, पकडीत येणार नाहीत. स्क्रूवरून जाईल अशी बारीक पोकळ नळी हवी. त्याच्याकडची नळी घासून घासून टिचभर उरली होती. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर कोपऱ्यात ठेवलेल्या छत्रीवर थांबली.

"बबा, छाता के डंडी पोला हे का?"

मी छत्री उचलली. दांडीवर टिचकी मारली. पोकळ होती. एवढ्या वर्षांत मी चौकट हजारदा वाजवली, पण छत्री कधी वाजवली नव्हती.

"काट," मी म्हणालो.

त्यानं मूठ काढली, दांडीचा खालचा चार बोटं तुकडा कापला आणि तिकोनी कानशीनं त्याच्या तोंडाला करवतीसारखे दात पाडले. नळी मशीनला लावली आणि मशीन उलटी फिरवली.

"उलटा कावून?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. त्याला समजलं. तो म्हणाला, दात स्क्रूला अडकले तर स्क्रू सुटायच्या बाजूनंच फिरेल, आणखी आत जाणार नाही. नळी मोडक्या स्क्रूच्या भोवती गोल गोल उतरली. मध्ये थांबून तो भुसा काढायचा, नळी गार होऊ द्यायचा. मग पकडीनं हलकेच हलवलं, तर पेन्सिलच्या तुकड्याएवढा लाकडाचा गोल बाहेर आला, आणि त्याच्या पोटात माझा पहिला स्क्रू. असे तीन निघाले. त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवले, डॉक्टर दाढ काढून हातात देतो तसे.

भोकांत त्यानं सरईच्याच खुंट्या गोंद लावून मारल्या आणि म्हणाला, या जागेवर आता स्क्रू नको. शनिवारी सकाळी परत आला. दांडा दोन बोटं वर सरकवला, कोऱ्या लाकडावर. स्क्रू या वेळी स्टीलचे, दुकानदारानं पहिल्या दिवशी काढून ठेवले होते तेच. आटे सोडून स्क्रूचा जेवढा गाभा उरतो तेवढ्याच जाडीचं ड्रिल त्यानं डोळ्यांसमोर धरून निवडलं. भोक पाडलं. मेणबत्तीच्या तुकड्यावर स्क्रू घासला. आधी त्याच मापाचा एक जुना लोखंडी स्क्रू आत घालून बाहेर काढला, म्हणजे आट्यांची वाट तयार झाली. मग नवा, हातानं. स्क्रू शांतपणे आत गेला. शेवटाला माझा हात आपोआप पुढे आला, तो अर्धा आटा द्यायला.

त्यानं पेचकस मागे घेतला. "बस बबा. माढ गे." बसला आता.

तो गेल्यावर मी कट्ट्यावरच्या तिघांना बोलावलं. लोड टेस्ट साक्षीदारांसमोर होते. आधी मी लटकलो, मग रेलमिलवाला लटकला, मग आम्ही दोघं एकदम. सेफ्टीवाल्यांनी खडूची अक्षरं रुमालानं पुसून टाकली.

"शेवटी मिलचा फिटर हाये बाप्पा!" कोकओव्हनवाला म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी काही बोललो नाही. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी मनात म्हणालो.

दुपारी गाडी आली. डिकीत रायपूरला न्यायची बॅग भरलेलीच होती. लेकीनं ती काढली नाही. बायको वॉकर टेकत टेकत सरळ बाथरूमच्या दाराशी गेली. दांडा पाहिला. हात लावला नाही.

"आधी तुमी," ती म्हणाली.

मी लटकलो. तिनं स्क्रू एकेक करून पाहिले, मग काळा डाग पाहिला, मग मला. मी बाजूला झालो. तिनं दांडा धरला. एक पाय उंबरठ्याच्या आत गेला. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग दुसरा गेला. लेक माझ्या मागे उभी होती. तिनं सोडलेला श्वास माझ्या मानेला लागला. ती गेली आणि डिकीतून बॅग काढून आणली.

पलंगावर टेकल्यावर बायकोचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "अवो, छत्रीले का झालं? बुटकी कावून दिसून राहिली?"

मी सगळं सांगितलं. काळे स्क्रू, हातोडी, लगदा, डोकी, सगळं. लगद्याच्या ठिकाणी ती हसली नाही. छत्रीच्या ठिकाणी हसली.

"अन् कट्ट्यावर का सांगतलं?"

"काई नाई."

"म्हंजे तुमी बसवला म्हणून राहिले लोकं."

मी तिचा वॉकर भिंतीला नीट टेकवून ठेवला.

"पाहा," ती म्हणाली, "मी राहते घरी. पण मले दररोज त्याच्यावर भार टाकायचा हाये. तुमी बसवला असं चार लोकं म्हणतीन तं मलेच भेव लागंन."

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. दांडीबरोबर छत्रीची खालची खिट्टी कापली गेली होती, त्यामुळे ती आता बंद राहत नाही. मी ती तशीच उघडी डोक्यावर धरली आणि टाकीजवळच्या कट्ट्यावर गेलो. तिघंही बसलेले होते.

"दादा, उन्हात छत्री? अन् एवढीशी कावून झाली?" कोकओव्हनवाल्यानं विचारलं.

मी छत्री बाजूला ठेवली, मांडी घातली आणि दुकानदारानं काय सांगितलं होतं तिथपासून सुरुवात केली.